जुनी सी-५ कॉर्व्हेट: गाडी उघडायची तर एकदाच

माझी सी-५, म्हणजे शेव्हरलेच्या कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स कारची पाचवी पिढी. २००० सालची, चंदेरी, सहा गिअरची मॅन्युअल. घेतली तेव्हा आधीच्या मालकानं तिला दणदणीत आवाजाचे सायलेन्सर लावले होते आणि पेडलांवर चकचकीत पत्रे ठोकले होते. ब्रेकचं तेल मात्र काळ्या चहासारखं झालेलं, आणि मागच्या टायरांवरची तारीख सांगत होती की ते नऊ वर्षांचे आहेत. जुन्या स्पोर्ट्स कार बहुधा अशाच मिळतात. हौसेवर खर्च झालेला असतो, गरजेवर नाही.

पुढच्या काही वर्षांत तिच्यावर जे काम केलं, त्यातून एक गोष्ट पक्की कळली. या गाडीचे सुटे भाग फारसे महाग नाहीत. महाग आहे ती त्या भागांपर्यंत पोचण्याची मेहनत. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, दोहोंच्या मध्ये एक लांब नळी, आणि हे सगळं कमरेच्या खाली बसणाऱ्या गाडीत कोंबलेलं. पन्नास डॉलरच्या सीलसाठी दोन दिवस गाडीखाली आडवं पडावं लागतं. म्हणून कामांची यादी भागांप्रमाणे न करता उघडण्याप्रमाणे करायची. एकदा इनटेक (इंजिनात हवा वाटणारा वरचा भाग) काढलं की त्याच्याखालचं सगळं उरकायचं, पुढचं तोंड उघडलं की तिथलं सगळं, मागचा भाग उतरवला की तिथलं सगळं. पॉवर वाढवायची असेल तर तीही याच संधी साधून.

आधी गाडी ओळखा

सी-५ ची मॉडेल वर्षं १९९७ ते २००४. बनली केंटकीतल्या बोलिंग ग्रीनच्या कारखान्यात. साध्या सी-५ मध्ये ५.७ लिटरचं एलएस१ व्ही-८ इंजिन, २००० पर्यंत ३४५ अश्वशक्तीचं आणि २००१ पासून ३५० चं. झेड०६ या जास्त ताकदीच्या आवृत्तीत एलएस६ इंजिन, २००१ साली ३८५ आणि २००२ पासून ४०५ अश्वशक्ती. झेड०६ फक्त बंद छताची आणि फक्त मॅन्युअल. बॅज कुणीही चिकटवू शकतो, म्हणून व्हीआयएन, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाचं आठवं अक्षर बघा. तिथे ‘जी’ असेल तर गाडी एलएस१ ची, ‘एस’ असेल तर एलएस६ ची. गाडीतलं इंजिन नंतर बदललेलं असलं तरी निदान ती कारखान्यातून काय म्हणून निघाली ते कळतं.

तोच व्हीआयएन एनएचटीएसए या अमेरिकेच्या रस्ता-सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या यादीत घालून बघा, कुठलं रिकॉल बाकी आहे का ते. सी-५ चं सगळ्यात बदनाम रिकॉल स्टिअरिंग कॉलमच्या कुलपाचं. किल्ली फिरवली तरी कुलूप सुटत नाही, डॅशवर ‘सर्व्हिस कॉलम लॉक’ असा संदेश येतो, आणि त्या अवस्थेत गाडी हलली तर संगणक पेट्रोल तोडतो. ज्या गाड्यांवर हे काम नीट झालेलं नाही, त्यांच्यासाठी कुलूप कायमचं निकामी करणारी छोटी प्लग-जोडणी बाजारात मिळते. मी पहिल्याच आठवड्यात लावली. रस्त्याच्या कडेला टो-ट्रकची वाट बघण्याची हौस नव्हती.

पाना हातात घेण्याआधीचा शनिवार

सी-५ ची एक मोठी सोय अशी की बिघाडाचे कोड वाचायला वेगळं यंत्र लागत नाही. किल्ली ऑन करा, इंजिन सुरू करू नका. डॅशवर आलेले संदेश ‘रिसेट’ दाबून पुसा. आता ‘ऑप्शन्स’चं बटण दाबून धरा आणि धरलेलं असतानाच ‘फ्युएल’चं बटण चार वेळा दाबा. गाडी स्वतःहून एकेका मॉड्यूलचे (छोट्या संगणकाचे) कोड दाखवू लागते. कोडच्या शेवटी ‘सी’ असेल तर दोष आत्ता चालू आहे, ‘एच’ असेल तर तो पूर्वी कधीतरी येऊन गेलेला आहे. सगळे वहीत उतरवा, मग पुसा, आठवडाभर गाडी चालवा आणि पुन्हा वाचा. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत दहाबारा ‘एच’ सापडणं नेहमीचंच. बॅटरी एकदा पूर्ण उतरली तरी तेवढे जमा होतात. परत येतात तेवढेच खरे.

मग बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून, टॉर्चच्या उजेडात क्रँकच्या पुलीकडे बघा. तिची कड सरळ फिरायला हवी. डगमगत असेल, सायकलच्या वाकड्या चाकासारखी, तर त्या पुलीतलं, म्हणजे बॅलन्सरचं, रबर सुटायला लागलं आहे. ते काम मोठं आहे, खाली सविस्तर येईल.

टायरच्या कडेवर डॉट क्रमांकाचे शेवटचे चार अंक वाचा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी कितीही खोल असू दे, सहा-सात वर्षांपलीकडच्या टायरवर ही गाडी जोरात पळवू नका. कडक झालेलं रबर आणि मागच्या चाकांवर इतका टॉर्क म्हटल्यावर ओल्या रस्त्यावर गाडी कधी उलट्या तोंडाची होईल ते कळतही नाही.

शेवटी नाकाखाली वाकून बघा. तिथे काळ्या प्लास्टिकची पट्टी लोंबत असायला हवी. सी-५ रेडिएटरसाठीची हवा समोरून नाही, खालून घेते, आणि ती हवा वर वळवण्याचं काम ही पट्टी करते. फुटपाथला घासून ती तुटते, मालकाला वाटतं शोभेचीच होती, आणि मग हायवेवर गाडी का तापते याचा शोध महिनोन् महिने चालतो. त्याच खालच्या वाटेनं पाला, कागद, पिशव्या आत जातात आणि एसीचा कंडेन्सर व रेडिएटर यांच्यामध्ये अडकतात. माझ्या गाडीतून मूठ-दोन मूठ नाही, बादलीभर कचरा निघाला.

उचलताना

इथे चुकलात तर दुरुस्तीआधीच नुकसान होतं. गाडीच्या कडेचा खालचा भाग म्हणजे वरवरचं आवरण आहे, त्याला जॅक लावला की तडा जातो. एका टायरच्या दुकानात माझ्या गाडीला हे घडलं. मी काचेच्या पलीकडून बघत होतो, आणि कडकन आवाज आला तेव्हा फार उशीर झाला होता. तेव्हापासून कुठेही जाताना डिकीत माझे स्वतःचे जॅक-पक (जॅक टेकवायच्या चकत्या) असतात आणि ते मी स्वतः बसवून देतो.

चौकटीला पुढच्या चाकांच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे अशा चार लांबट खाचा आहेत. पक त्यात घालून पाव फेरा फिरवला की अडकतो आणि वजन थेट चौकटीवर येतं. नाक इतकं खाली की साधा जॅक आत जातच नाही, म्हणून आधी पुढची चाकं दोन जाड फळ्यांवर चढवा. स्प्रिंग म्हणून या गाडीत पुढे-मागे एकेक आडवा कॉम्पोझिट पाटा आहे. त्याच्याखाली जॅक कधीच लावू नका. आणि जॅकवर उभ्या गाडीखाली शिरू नका, स्टँड लावा, मग गाडीला खांद्यानं धक्का देऊन बघा, हलली तर पुन्हा लावा.

तेलं

इंजिनात ५डब्ल्यू-३० सिंथेटिक, फिल्टरसह साडेसहा क्वार्ट (एक क्वार्ट म्हणजे लिटरहून किंचित कमी). हा आकडा लक्षात ठेवा, कारण झटपट ऑइल बदलणाऱ्या ठिकाणी सवयीनं पाच ओतून मोकळे होतात. ट्रॅकवर लांब वळणं जोरात घेणार असाल तर बरेच जण अर्धा क्वार्ट जास्त भरतात. वळणात तेल इंजिनाखालच्या पॅनच्या एका कडेला धावतं आणि पंपाचं तोंड क्षणभर कोरडं पडतं, त्यावरचा हा उपाय. पॅनचा तेल काढायचा बोल्ट १८ फूट-पाउंड (आवळण्याच्या जोराचं एकक), अ‍ॅल्युमिनियमच्या पॅनला त्याहून जास्त जोर नको.

मॅन्युअल गिअरबॉक्स टी-५६ आहे आणि त्यात गिअर ऑइल नव्हे, ऑटोमॅटिकचंच डेक्सरॉन तेल जातं. डिफरन्शिअलमध्ये ७५डब्ल्यू-९०, सोबत लिमिटेड स्लिपसाठीचं चार औंस अ‍ॅडिटिव्ह. ते विसरलात तर पार्किंगमध्ये हळू वळताना मागून करकर ऐकू येईल. दोन्ही ठिकाणी एक पथ्य पाळा. भरण्याचा बोल्ट आधी सैल करून बघा, तो सुटला तरच रिकामं करण्याचा उघडा. उलट केलंत आणि वरचा बोल्ट गंजून बसलेला निघाला तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन गाडी तिथेच अडकते. गाडी समतल ठेवून, भोकातून तेल बाहेर येऊ लागेपर्यंत भरायचं.

क्लचच्या तेलाकडे कुणी बघतच नाही. डबीचं झाकण उघडा, तेल काळं असेल तर क्लचच्या धुळीनं सगळी वाट खराब केली आहे. क्लच दाबणारा स्लेव्ह सिलिंडर बेलहाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या आवरणाच्या) आत आहे, त्यामुळे खालून हवा काढणं कठीण. पण डबीतलं तेल मोठ्या सिरिंजनं ओढून घ्या, ताजं भरा, पेडल वीस-तीस वेळा दाबा, पुन्हा ओढा. पाच-सहा फेऱ्यांत तेल स्वच्छ दिसू लागतं. दर महिन्याला एकदा केलंत तर जोरात गिअर बदलताना पेडल जमिनीला चिकटण्याचा त्रास पुष्कळ कमी होतो. सांडू मात्र देऊ नका, रंग उतरतो.

कूलंट डेक्सकूल, डिस्टिल्ड पाण्याबरोबर निम्मंनिम्मं. हिरव्या कूलंटशी त्याची भेसळ करू नका.

विजेची दुखणी

बॅटरी हा सी-५ चा खरा शत्रू. ती गळायला लागली की अ‍ॅसिड थेट खालच्या वायरिंगवर आणि इंजिनच्या संगणकावर उतरतं, कारण संगणक बॅटरीच्या खालच्या अंगालाच बसवला आहे. गाडी घेतल्याबरोबर बॅटरी उचलून तळाचा ट्रे बघा. पांढरी भुकटी दिसली तर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यानं सगळं पुसून घ्या, वायरचं आवरण तपासा, आणि नवी बॅटरी एजीएम, म्हणजे न सांडणाऱ्या, प्रकारची घ्या. हिवाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर मेंटेनर लावून ठेवा, नाहीतर वसंतात पुन्हा त्या दहाबारा ‘एच’ कोडांचं दर्शन.

एबीएस आणि ट्रॅक्शनचे दिवे एकदम लागले की लोक लगेच मॉड्यूल गेलं म्हणून हाय खातात. ते नवं मिळत नाही, हे खरं. पण आधी त्याची ग्राउंड वायर सोडून, धातू चकचकीत घासून पुन्हा आवळा. फुकटचं काम आहे आणि बऱ्याचदा तेवढ्यानंच भागतं. पेट्रोलचा काटा मध्येच शून्यावर जाणं हेही ठरलेलं. टाकीतल्या सेन्सरच्या पट्ट्यांवर पेट्रोलमधल्या गंधकाचा थर बसतो. टेक्रॉन या पेट्रोलमध्ये घालायच्या क्लीनरची एक बाटली भरलेल्या टाकीत ओतून ती टाकी संपेपर्यंत चालवा. दोन-तीन टाक्यांत फरक पडला नाही तरच सेन्सरला हात घाला. हेडलाइट उघडताना घरघर करून अर्धवट थांबत असेल तर मोटरमधल्या प्लास्टिकच्या गिअरचे दात झिजले आहेत. पितळी गिअर मिळतो. उघडझाप करणारे दिवे असलेली ही शेवटची कॉर्व्हेट, तेव्हा तेवढे लाड तिचे करायलाच हवेत.

पॉवरच्या आधी पकड

इंजिनाला हात लावण्याआधी टायर, ब्रेकचं तेल आणि रबरी बुशिंग. यात मी तडजोड करत नाही. साध्या सी-५ ला पुढे २४५/४५-१७ आणि मागे २७५/४०-१८ टायर येतात, मूळचे रन-फ्लॅट. गाडीत स्टेपनी नाही. साधे टायर घातले तर गाडी मऊ चालते आणि पकडही चांगली मिळते, पण मग डिकीत छोटा कॉम्प्रेसर आणि पंक्चरचं किट ठेवावंच लागतं. हवा थंड टायरमध्ये ३० पीएसआय.

ब्रेकचे मूळ कॅलिपर रस्त्यासाठी पुरेसे आहेत. चांगले पॅड, ताजं डॉट-४ तेल आणि स्टीलची जाळी असलेल्या नळ्या एवढ्यावर ट्रॅकचे कितीतरी दिवस निभावतात. मोठ्या लाल कॅलिपरवर दोन-तीन हजार डॉलर घालणारे पुष्कळ पाहिले. त्यातल्या निम्म्यांनी जुनं तेल तसंच ठेवलं होतं, आणि उकळलं ते तेलच.

गाडी खाली बसवायची असेल तर पुढच्या पाट्याला उंचीचे स्क्रू कारखान्यातूनच आहेत आणि मागे लांब बोल्ट घालता येतात. उंची बदलली की अलाइनमेंट करून घ्या, आणि दोन आठवडे चालवून पाटा बसल्यावर. आधी केलीत तर पुन्हा करावी लागेल.

पहिलं उघडणं: इनटेक

तिन्हीपैकी सगळ्यात सोपं, एका दिवसाचं. ते कधी करायचं याचे संकेत असे: ऑइल प्रेशरचा काटा एकदम शून्यावर किंवा टोकाला जातो, किंवा नॉक सेन्सरचे (इंजिनातली ठकठक ओळखणाऱ्या सेन्सरचे) पी०३२७, पी०३३२ हे कोड येतात. प्रेशरचा सेन्सर इनटेकच्या मागे फायरवॉलजवळ आहे आणि नॉक सेन्सर इनटेकच्या बरोबर खाली, ब्लॉकच्या दरीत. वरून हात पोचत नाही. (काटा शून्यावर गेला म्हणून सेन्सरच गेला असं मानू नका. इंजिन बंद करा, यांत्रिक गेज लावून खात्री करा, मगच पुन्हा सुरू करा.)

बॅटरी सोडा. फ्युएल रेलवरच्या व्हॉल्व्हला फडकं धरून दाब सोडा, आत जवळपास ५८ पीएसआय असतो. नळी सोडायला प्लास्टिकचं छोटं विशेष साधन लागतं, त्याच्याशिवाय ओढाताण केलीत तर क्लिप तुटते. इनटेक उचलल्याबरोबर खालची आठही भोकं चिंध्यांनी बंद करा. चिंध्या मोजून घाला आणि काढताना मोजा.

आता उघडलंच आहे तर दोन्ही नॉक सेन्सर, त्यांची वायर आणि प्रेशर सेन्सर नवे. इंजिन तेल पीत असेल तर एलएस६ चं दरीवरचं झाकण बसवा. त्यात तेलाचे थेंब वेगळे करणारी रचना आतच आहे, त्यामुळे वाफेबरोबर तेल इनटेकमध्ये ओढलं जाणं कमी होतं. गाडी २००० किंवा त्याआधीची असेल तर एलएस६ चं इनटेक घालायचीही हीच वेळ. ते खालून सपाट आहे, त्यामुळे हेडच्या मागच्या टोकांना जोडणारी पाण्याची बारीक नळी अडते. ती काढून तिथे झाकणं लावावी लागतात. २००१ पासूनच्या गाड्यांत हेच इनटेक मूळचंच आहे, खर्च करू नका.

बसवताना बोल्ट दोन फेऱ्यांत आवळा, पहिल्या फेरीत ४४ आणि दुसऱ्या फेरीत ८९. हे इंच-पाउंड आहेत, फूट-पाउंड नव्हेत. इनटेक नायलॉनचं आहे. माझ्या ओळखीच्या एकानं मोठा टॉर्क रेंच लावला आणि ते त्याला लगेच समजलं.

दुसरं उघडणं: पुढचं तोंड

बॅलन्सर म्हणजे क्रँकच्या टोकावरची जड पुली. आत लोखंडी गाभा, बाहेर लोखंडी कडं, दोहोंच्या मध्ये रबर. इंजिनाची थरथर हे रबर पिऊन टाकतं. उष्णतेनं ते सुटलं की कडं डगमगतं, पट्टा चीत्कारतो, आणि शेवटी कडं पुढच्या झाकणाला घासू लागतं. ते बदलायचं तर वाटेत स्टिअरिंगचा रॅक आडवा येतो.

गाडी पुढून चांगली उंच करा. चाकं सरळ ठेवून स्टिअरिंग व्हील सीटबेल्टनं बांधून टाका, नाहीतर रॅक सुटल्यावर ते फिरतं आणि आतली एअरबॅगची गुंडाळी तुटते. दोन्ही पट्टे काढा, अँटी-रोल बार सोडा, टाय रॉड आणि स्टिअरिंगचा दांडा सोडा, मग रॅकचे बोल्ट काढून तो सरकवा. जागा पुरत नसेल तर पुढचं क्रेडल (सस्पेन्शन धरणारी चौकट) थोडं खाली घ्यावं लागतं. इंजिनाचे माउंट त्याच क्रेडलवर आहेत, तेव्हा आधी इंजिनाला स्वतंत्र आधार.

फ्लायव्हील स्टार्टरच्या भोकातून अडकवून मधला बोल्ट सोडा. जोर बराच लागतो, लांब दांडा घ्या. पुलर लावताना त्याचे आकडे आतल्या गाभ्याला धरा, बाहेरच्या कड्याला नव्हे. या क्रँकवर पुलीसाठी चावी नाही, सगळं केवळ घट्ट बसण्यावर टिकून आहे. म्हणून बसवताना घाई नको. हातोडा तर लांबच ठेवा. बसवण्याच्या साधनानं पुली आत ओढून घ्या, मग जुना बोल्ट २४० फूट-पाउंडनं आवळून ती तळाला टेकवा. तो बोल्ट काढा, क्रँकचं टोक पुलीच्या भोकात किती आत आहे ते मोजा: २.४ ते ४.५ मिलिमीटरच्या दरम्यान हवं. बरोबर असेल तर नवा बोल्ट ३७ फूट-पाउंड आणि त्यावर १४० अंश. हा बोल्ट ताणून बसतो, त्यामुळे दुसऱ्यांदा वापरायचा नसतो. अंशांसाठी मी पुलीवर आणि सॉकेटवर पांढऱ्या मार्करनं रेघा ओढल्या होत्या. शेवटचे चाळीस अंश घेताना घाम फुटला.

पुढचं सील अर्थातच नवं. पण खरी गंमत पुढे आहे. इतकं उघडल्यावर कॅमशाफ्ट (व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा) बदलणं म्हणजे अजून एक दिवस: रेडिएटर काढायचा, वॉटर पंप काढायचा, पुढचं झाकण काढायचं. हेच काम दोन वर्षांनी वेगळं केलंत तर सगळा वनवास पुन्हा. म्हणून बॅलन्सर डगमगू लागला की त्याच आठवड्यात स्वतःला विचारा, मला पुढे कधी कॅम बदलायचा आहे का? उत्तर ‘कदाचित’ असेल तर ते ‘हो’ समजा.

एलएस इंजिनात कॅम बदलायला हेड काढावी लागत नाहीत. रॉकर आणि पुशरॉड काढा, कॅम दोन-चार वेळा फिरवा, लिफ्टर (कॅमवर टेकलेले छोटे दट्टे) वर जाऊन आपल्या प्लास्टिकच्या साच्यात अडकून राहतात. जुन्या इंजिनात त्या साच्यांवर भरवसा ठेवू नका, समोरच्या भोकांतून दोन लांब सळ्या सरकवून लिफ्टरना आधार द्या. एक लिफ्टर खाली पडला तर मग हेडही काढावं लागेल. नवा कॅम जास्त उचलतो, म्हणून व्हॉल्व्ह स्प्रिंग त्याला साजेशा हव्यातच. मूळ स्प्रिंगवर मोठा कॅम चढवणं म्हणजे व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटण्याची सोय करून ठेवणं. स्प्रिंग बदलताना त्या सिलिंडरचा पिस्टन अगदी वर ठेवा, म्हणजे व्हॉल्व्ह आत पडला तरी हाताशी राहतो. चेन बसवताना दोन्ही गिअरवरच्या खुणा समोरासमोर, वरची सहाच्या ठिकाणी आणि खालची बाराच्या. चेनही नवीच घ्या.

ऑइल पंप बदलायचा असेल तर पिकअप नळीचं ओ-रिंग नवं आणि योग्य मापाचं घ्या. ते चिमटलं तर पंप हवा ओढतो आणि नव्याकोऱ्या कामाचे बेअरिंग पहिल्याच दिवशी जातात. त्यासाठी ऑइल पॅन खाली करावं लागतं. मी ते केलं, कंटाळा आला होता तरी.

कॅम निवडताना माझं मत: लहान घ्या. साधी एलएस१ कारखान्यातून ३४५ ची, पण चाकांपर्यंत तिचे ३०० च्या आसपासच पोचतात. मध्यम कॅम, हेडर (मोकळ्या एक्झॉस्ट नळ्या) आणि नीट ट्यूनिंग (इंजिनच्या संगणकाची जुळणी) यांनी तिचा स्वभाव पालटतो. त्याहून मोठा कॅम सिग्नलवर छान गुरगुरतो, पण सिग्नल सुटल्यावर पहिल्या गिअरमध्ये उंटासारखी चाल.

कायद्याचं काय

अमेरिकेत उत्प्रेरक (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून टाकणं फेडरल क्लीन एअर अ‍ॅक्टचं उल्लंघन आहे, तुमच्या राज्यात चाचणी होत असो वा नसो. कॅलिफोर्नियात १९७६ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग चेक (धुराची चाचणी) लागतो, आणि तिथे बदललेल्या भागावर कार्ब या हवा-प्रदूषण मंडळाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर (मंजुरी) क्रमांक हवा. लांब हेडर विकत घेण्याआधी तो क्रमांक शोधा. काढलेले सगळे मूळ भाग नावं लिहून जपून ठेवा. गाडी विकताना त्यांची किंमत कळते.

ट्यूनिंग शेवटी, सगळे भाग बसल्यावर, एकदाच. दर भागागणिक ट्यूनरकडे पळालात तर तेवढ्या वेळा पैसे मोजाल. नव्या कॅमवर गाडी ट्रेलरवरूनच न्या. ते जमत नसेल तर निदान जुजबी सुरुवातीची फाइल भरून, हळू चालवत. जाताजाता ट्यूनरला पहिल्या गिअरमधून चौथ्यात ढकलणारा मूळचा अडसरही बंद करायला सांगा. हळू चालवताना तो हाताला झटका देतो आणि त्यानं वाचलेलं पेट्रोल मला आजवर दिसलेलं नाही.

तिसरं उघडणं: मागची बाजू

क्लच बदलायचा म्हणजे सायलेन्सर, बोगद्याखालचा डझनावारी बोल्टांचा पत्रा, मागचे ब्रेक, शॉक आणि पाटा सोडून मागचं क्रेडल, गिअरबॉक्स, डिफरन्शिअल आणि टॉर्क ट्यूब (ती मधली लांब नळी) हे सगळं एकत्र खाली उतरवायचं. लिफ्ट आणि ट्रान्समिशन जॅक नसेल तर हे काम घरी करू नका. मी मित्राच्या लिफ्टवर केलं, तरी तीन शनिवार-रविवार गेले.

गिअरबॉक्स मागे असल्यामुळे टॉर्क ट्यूबमधला दांडा इंजिनाच्याच वेगानं फिरतो. त्याच्या दोन्ही टोकांना रबरी कपलिंग आहेत आणि वीस वर्षांत ते रबर भेगाळतं. मंद गतीत सीटच्या मागून येणारी खडखड बहुधा या कपलिंगचीच. माझ्या गाडीत पुढच्या कपलिंगला नखानं दाबलं तर तुकडा हातात आला. सहा हजार आरपीएमला तो सुटला असता तर काय झालं असतं, हा विचार मी फार लांबवला नाही.

तेव्हा इथे गेलातच तर क्लच, फ्लायव्हीलचे नवे बोल्ट, स्लेव्ह सिलिंडर, इंजिनाचं मागचं सील, कपलिंग आणि दांड्याचे बेअरिंग, सगळं एका फटक्यात. स्लेव्ह बसवताना त्याच्या हवा काढायच्या टोकाला लांब नळी जोडून ती वर इंजिनच्या जागेत आणा. पुढच्या वेळी हवा काढायला पाच मिनिटं लागतील. पुढच्या पिढीच्या सी-६ झेड०६ चा एलएस७ क्लच आणि फ्लायव्हील या गाडीत बसतो आणि पॉवर वाढवली असेल तर तो चांगला पर्याय आहे. फक्त संच तोडून मिसळू नका. कारखान्यात संतुलन संचाचं करतात, एकेका भागाचं नाही.

परत जोडल्यावर पहिले काही शेकडो मैल नवा क्लच सौम्य वापरा. चाकांचे नट ताऱ्याच्या क्रमानं १०० फूट-पाउंड, आणि पन्नास मैलांनी पुन्हा रेंच लावा. माझा डाव्या मागच्या चाकाचा एक नट तेव्हा पाव फेरा फिरला होता.